यूलटाइडच्या आधी: कथासरित्सागरातल्या कमी वाचलेल्या गोष्टी कशा सुचवाव्यात?

सुरंगी_वेल (धागाकर्ती)

यूलटाइड म्हणजे फारसं लिहिलं न गेलेल्या कलाकृतींवरच्या चाहता-कथांची दरवर्षीची देवाणघेवाण. तिची नामांकनं साधारण सप्टेंबरात उघडतात आणि ऑक्टोबरात साइन-अप. त्याआधी तिथल्या मंडळींना कथासरित्सागराची ओळख करून द्यायची आहे, म्हणजे साइन-अपच्या वेळेपर्यंत चार जणांनी तरी काहीतरी वाचलेलं असेल. नाहीतर मागणी टाकून ठेवायची आणि लिहिणारं कुणी नाही, अशी गत.

घोडं अडतंय ते ग्रंथाच्या आकारावर. १८ लंबक (मोठे भाग), १२४ तरंग (प्रकरणं), वीस हजारांवर श्लोक. त्यातही गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी एक. "वाचा, फार छान आहे" म्हटलं की लोक दुसऱ्या पानावर धूम ठोकतात. तर जाणकारांनो:

अख्खा ग्रंथ सुचवावा की एकच गोष्ट काढून द्यावी? इंग्रजीतून फुकट मिळतील आणि एका बैठकीत संपतील अशा गोष्टी कोणत्या? ओळख केवढी असावी? विक्रम-वेताळ सगळ्यांना ठाऊक असतो म्हणून तो वगळावा का?

महाभारतातली उपाख्यानं सुचवू नका. तो टॅग आधीच मोठा आहे आणि त्यातून एखादं उपाख्यान वेगळं फॅंडम (चाहते जिच्यावर लिहितात ती मूळ कलाकृती) म्हणून मंजूर करून घेणं म्हणजे मॉडरेटरांशी पुरावे घेऊन बसणं आलं.

---

दुपारचा_चहा

आधी यंत्रणा कशी चालते ते बघू, कारण गोष्टींची निवड त्यावरच ठरते.

एओथ्रीवर (चाहता-कथांचं संकेतस्थळ) टॅग "ग्रंथाचं नाव - लेखकाचं नाव" असा असतो. तेव्हा नामांकन "कथासरित्सागर - सोमदेव" असंच करा. "भारतीय लोककथा" किंवा "संस्कृत साहित्य" असलं गोधडीसारखं नाव दिलंत तर एक तर ते नाकारलं जाईल, नाहीतर त्याखाली पंचतंत्रापासून सगळं येऊन बसेल. पात्रता बघताना एओथ्रीवर त्या फॅंडमच्या गोष्टी हजाराच्या आत आहेत का, हे पाहतात. त्या कशा मोजायच्या हे यंदाच्या नियमांत वाचून घ्या. कथासरित्सागराला त्या हजाराची भीती नाही.

खरी गोम पात्रांची. मागणाऱ्याची आणि लेखकाची जुळवणी फॅंडम आणि पात्रं या दोन्हींवर होते. एका मागणीत दोन पात्रं टाकलीत की दोघंही लिहायला तयार असलेला लेखकच तुम्हाला मिळू शकतो, आणि गोष्टीत दोघंही यायला हवीत. कथासरित्सागरात हे हमखास फसतं. ओळख वाचून हुरूप आलेला माणूस आवडलेली पात्रं वेचतो: पहिल्या लंबकातली उपकोशा, दुसऱ्यातला लोहजंघ, बाराव्यातला वेताळ. तिघं तीन वेगळ्या गोष्टींतली, एकमेकांना कधी न भेटलेली. लेखकाच्या गळ्यात आपोआप तिघांची मोट बांधायचं काम येतं. त्यामुळे नामांकनात पात्रांच्या जागा भरताना जोडीने भरा: दोन पात्रं एका गोष्टीतली, दोन दुसऱ्या. आणि ओळखीत ठळक लिहा की "ही दोघं एका गोष्टीतली, ती दोघं दुसऱ्या".

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. टॅग अख्ख्या ग्रंथाचा, पण वाचायला द्यायचे दोन-तीन तरंग. एरवी हजार शब्दांची गोष्ट लिहायला कुणी दहा खंड उघडणार नाही. यूलटाइडची किमान मर्यादा हजारच आहे.

---

काजळमाया_नव्हे

गोष्टी मी सांगतो. निकष एकच: गोष्टीत भोक दिसलं पाहिजे. ग्रंथ थोर आहे हे परीक्षण लिहिणाऱ्याने सांगावं. देवाणघेवाणीत लेखक शोधत असतो ती जागा, जिथे मूळ लेखकाने हात आखडता घेतलाय.

उपकोशा (लंबक १, तरंग ४). माझ्या मते सुरुवात हिच्यापासूनच करा. नवरा वररुची हिमालयात तपाला गेलाय आणि घरखर्चाचे पैसे एका वाण्याकडे ठेवून गेलाय. ही गंगेवर आंघोळीला जाते तर वाटेत राजदरबारची तीन बडी माणसं एकामागून एक आडवी येतात. त्यांत एक खुद्द पुरोहित. ती तिघांनाही वसंतोत्सवाच्या रात्रीचे वेगवेगळे प्रहर देते. पैसे मागायला गेल्यावर वाणीही तोच सूर लावतो, त्याला शेवटचा प्रहर. मग दासींना कामाला लावते: तेलात काजळ कालवायचं, वर सुगंध घालायचा, आणि बाहेरून कडी लागणारी एक मोठी पेटी तयार ठेवायची. पहिला येतो. अंघोळ केल्याशिवाय शिवणार नाही म्हणून त्याला अंधाऱ्या खोलीत नेतात आणि अभ्यंगाच्या नावाखाली नखशिखान्त काजळ चोपडतात. दुसऱ्याची चाहूल लागली की "नवऱ्याचा मित्र आला" म्हणत पहिल्याला पेटीत कोंबतात. असे तिघं आत. शेवटी वाणी येतो. खोलीत कुणी नाही असं बघून "तुझ्या नवऱ्याने ठेवलेले पैसे मी देईन" असं तो मोठ्याने कबूल करतो आणि ही पेटीकडे बघून म्हणते, "देवांनो, ऐकलंत ना!" मग त्यालाही काजळ, आणि पहाटे बाहेर. मागे कुत्री. पुढे राजा नंदाच्या दरबारात वाणी कानांवर हात ठेवतो तेव्हा ती पेटीच साक्षीला आणवते आणि आतले "देव" भीतीने खरं बोलतात.

आता भोक. सोमदेव सांगतो की पेटीतल्या तिघांची अंगं एकमेकांना लागत होती, पण भीतीपोटी कुणी बोललं नाही. एका ओळीत त्याने विषय संपवला. यूलटाइडच्या लेखकाला आणखी काय हवं? दुसरी जागा दासींची. बेत उपकोशेचा, पण रात्रभर राबतात त्या, आणि त्यांना नावंही नाहीत.

गुणाढ्य (लंबक १, तरंग ६ ते ८). ही आपल्या मातीतली. गुणाढ्य प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजाचा मंत्री. जलक्रीडेत राणी संस्कृतात "पाणी उडवू नका" म्हणते, राजाला संधी ("मा उदकैः" चं "मोदकैः") कळत नाही, तो लाडू मागवतो. हसं होतं. संस्कृत शिकायचंच म्हणून राजा हट्टाला पेटतो. गुणाढ्य सहा वर्षं मागतो, शर्ववर्मा सहा महिन्यांत शिकवतो म्हणतो. पैज लागते. हरल्यावर गुणाढ्य संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडतो. उरते पैशाची, म्हणजे पिशाच्चांची भाषा. रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षांत सात लाख श्लोक लिहितो. राजा ते झिडकारतो. मग डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, डुकरं, म्हशी चरणं सोडून ऐकत उभ्या. इकडे राजा आजारी. वैद्य म्हणतात मांस निःसत्त्व आहे, आचारी शिकाऱ्यांवर ढकलतात, आणि शिकारी खरं कारण सांगतात. राजा धावत पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळालेले. शिष्यांच्या आवडीची म्हणून राखलेली नरवाहनदत्ताची एक लाखाची कथा तेवढी वाचते, तीच बृहत्कथा.

भोक? सहा लाख श्लोकांएवढं. "जळालेल्यांतली एक गोष्ट" हा प्रॉम्प्ट द्या आणि गप्प बसा. गुणदेव आणि नंदिदेव हे दोन शिष्यही रिकामेच पडलेत. गुरू पानं जाळत असताना ती दोघं बघत होती.

लोहजंघ (लंबक २, तरंग १२). विनोदी लिहिणाऱ्यांसाठी. मथुरेची गणिका रूपिणिका, तिचा निर्धन ब्राह्मण लोहजंघ, आणि त्याला हाकलणारी तिची आई मकरदंष्ट्रा. हत्तीच्या पोकळ सांगाड्यात शिरून हा पठ्ठ्या पुराबरोबर समुद्रात, तिथून एका महाकाय पक्ष्याच्या चोचीतून लंकेत. बिभीषणाकडून रत्नं आणि वाहनाला पक्षी घेऊन मथुरेत परततो तो विष्णू बनून. थेरडीला स्वर्गाची हाव सुटते. हा तिचं डोकं भादरून पाच शेंड्या ठेवायला लावतो, अर्धं अंग काजळाने आणि अर्धं शेंदराने रंगवायला सांगतो, गळ्यात रुंडमाळ घालायला लावतो आणि देवळापुढच्या खांबावर नेऊन बसवतो. लोकांना आकाशवाणी: मारी देवी अंगावर पडणार आहे! रात्रभर खाली जमाव, वर ती. ती ओरडते "पडते, पडते", आणि खालून सगळे "देवी, पडू नकोस, पडू नकोस". सकाळी ओळख पटते.

मकरदंष्ट्रेच्या बाजूने कुणी लिहिलं तर मजा येईल. मूळ गोष्ट तिला फक्त हसते.

फारच छोटं हवं असेल तर सहाव्याच तरंगातला मूषक. विशाखिल व्यापारी एकाला सुनावत असतो, की हुशार माणूस या मेलेल्या उंदरावरही धंदा उभा करील. हा पोरगा तेवढंच ऐकतो आणि उंदीर उचलतो. मांजर पाळणाऱ्या वाण्याला तो विकून दोन ओंजळी हरभरे. हरभरे दळून, पाण्याचा घडा घेऊन गावाबाहेर चौकात. दमलेले लाकूडतोडे पीठ-पाण्याच्या बदल्यात दोन-दोन लाकडं देतात. पावसाची झड लागून लाकूड महागलं की साठा काढून शेकडो पण (नाणी). शेवटी सोन्याचा उंदीर करून विशाखिलाला परतफेड. दहा मिनिटांत वाचून होते. पण इथे भोक लहान आहे. मुख्य मागणीत टाकू नका, सुट्टी ट्रीट (नेमून न देता आपणहून लिहिलेली जास्तीची कथा) लिहिणाऱ्यांसाठी ठेवा.

---

पैठणकर_नाही_पण

वेताळ वगळू नका, असं माझं ठाम मत.

आपल्याकडे तो सगळ्यांना माहीत आहे तो "चांदोबा"तल्या चित्रामुळे आणि १९८५ च्या दूरदर्शन मालिकेमुळे. कथासरित्सागरातला वेताळ वाचलेले फारच थोडे. बाराव्या लंबकात, ७५ ते ९९ या तरंगांत तो येतो. राजाचं नाव तिथे त्रिविक्रमसेन. आणि तो उज्जैनीचा नाही, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा! हे वाक्य ओळखीत पहिल्या परिच्छेदात टाका.

टॅगमध्ये मात्र सांभाळून. "विक्रम" लिहिलंत की लोक मालिकेतला धरतील, ते वेगळं कॅनन (मूळ कथाविश्व). वेतालपंचविंशतीही (वेताळाच्या पंचवीस कथा) शिवदासाची निराळी, जंभलदत्ताची निराळी. कथांचा क्रम, नावं, कुठे कुठे उत्तरंही बदलतात. सोमदेवाचाच पाठ हवा असेल तर पात्र "त्रिविक्रमसेन" म्हणूनच नोंदवा आणि लेखकासाठीच्या पत्रात तरंगांचे आकडे द्या.

पंचवीसच्या पंचवीस वाचायला सांगू नका. चौकट (तरंग ७५ ची सुरुवात आणि ९९), सहावी गोष्ट म्हणजे अदलाबदल झालेल्या शिरांची, आणि चोविसावी. एवढं पुरे. चौकटीतला भिक्षू क्षांतिशील दहा वर्षं रोज राजाला एक फळ आणून देतो. राजा ते कोषाध्यक्षाकडे देतो, तो खिडकीतून कोठारात भिरकावतो. एके दिवशी पाळीव माकड फळ फोडतं, आत रत्न. कोठारात जाऊन बघतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. बोला, दहा वर्षांत एकदाही कुणाला फळ कापावंसं वाटलं नाही! चोविसाव्या गोष्टीत बाप-लेक वाटेवर दोन स्त्रियांची पावलं बघून आधीच वाटणी करतात, आणि प्रत्यक्षात मुलगी बापाच्या वाट्याला, आई लेकाच्या. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजा गप्प बसतो. आख्ख्या चौकटीत तो इथेच हरतो, आणि त्यामुळेच वाचतो.

@काजळमाया, तुमच्या भाषेत सांगायचं तर भोक त्या शांततेत आहे. प्रेत पाठीवर, तोंड मिटलेलं, आणि वेताळ मनात म्हणतो की याला आता वाचवावं. दोघांमध्ये त्या वाटेवर नेमकं काय घडलं ते लिहायला ही जोडी फार चांगली आहे.

---

सुरंगी_वेल

मनापासून आभार! मग उपकोशा + वररुची, त्रिविक्रमसेन + वेताळ असं नामांकन करते. गुणाढ्याचा मोह होतोय, पण चारच जागा. ओळखीचा मसुदा (तिकडे इंग्रजीत जाईल):

"कथासरित्सागर हा अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यवतीसाठी रचलेला महान कथासंग्रह आहे. तो गुणाढ्याच्या हरवलेल्या बृहत्कथेवर आधारित आहे. त्यात शेकडो सुंदर कथा आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर टॉनीचं इंग्रजी भाषांतर मोफत उपलब्ध आहे. नक्की वाचा!"

कसा वाटतो?

---

दुपारचा_चहा

पाठ्यपुस्तकातला धडा वाटतो. पहिलं वाक्य पेटीतल्या तिघांचं घ्या. शतक, काश्मीर, राणी हे सगळं खाली एका ओळीत.

"इंटरनेट आर्काइव्हवर उपलब्ध" इथे माणूस हरवतो. टॉनीचं भाषांतर दोन रूपांत सापडतं: मूळ दोन खंड (कलकत्ता, १८८० आणि १८८४), आणि पेन्झरने तळटीपा घालून काढलेले दहा खंड (१९२४ ते २८). पेन्झरच्या टीपा कधी कधी गोष्टीपेक्षा लांब असतात. पहिल्यांदा वाचणारा माणूस टीपेतच अडकून बसतो. टीपा आवडणाऱ्यांना पेन्झर द्या, बाकीच्यांना मूळ टॉनी. टॉनीने तरंगांना प्रकरणं म्हटलंय आणि आकडे सलग ठेवलेत, तेव्हा उपकोशा म्हणजे सरळ "प्रकरण ४". पेन्झरमध्ये ती पहिल्या खंडात आणि वेताळ सहाव्या-सातव्यात. दुवा द्याल तो नेमक्या पानाचा द्या, मुखपृष्ठाचा नको.

शोधयंत्राची गंमतही लिहून ठेवा. टॉनी नावांवर मात्रा-टिंबं देतो, स्कॅनच्या अक्षरओळखीत त्यांचा चुराडा होतो आणि "उपकोशा" शोधलं तर हाती काही लागत नाही. त्याऐवजी इंग्रजीत "पेटी" किंवा "काजळ" शोधलं तर प्रसंग लगेच सापडतो.

---

काजळमाया_नव्हे

मसुद्यात आणखी दोन गोष्टी नाहीत.

एक, सूचना. उपकोशेत जबरदस्तीचा प्रयत्न आहे, सहाव्या वेताळकथेत स्वतःचं शिर कापून घेणं आहे, चौकटीत स्मशान आणि नरबळी. बायका आणि जातींबद्दलची टोमणेबाजी तर अकराव्या शतकाला साजेशी सगळीकडेच. तीन ओळींत सांगून टाका. न सांगता सुचवलं की वाचणारा मध्येच सोडतो आणि मग त्या फॅंडमकडे पुन्हा फिरकत नाही.

दोन, शेवट लपवू नका. "पुढे काय होतं ते वाचाच" ही ओळ इथे कामाची नाही. शेवट कळला तरच लेखकाला ठरवता येतं की आपण आधीचं लिहायचं, नंतरचं, की मधलं.

लांबी दोनशे ते तीनशे शब्द. एका गोष्टीला चार-पाच ओळी, वाचायला लागणारा वेळ आणि दोन प्रॉम्प्ट. प्रॉम्प्ट उघडे ठेवा. "उपकोशेने वररुचीला हे सगळं कसं सांगितलं" हा चांगला. "उपकोशा वररुचीला माफ करते आणि मग ती दोघं..." असा कथानक आखून दिलेला नको, लेखक तिथेच आक्रसतो. ज्या गोष्टी अजिबात नकोत त्या पत्रात, ओळखीत नाही.

---

पैठणकर_नाही_पण

संस्कृत वाचणारं कुणी निघालं तर त्यांना दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादलेली निर्णयसागरची प्रत सांगा, मुंबई, १८८९. नव्या इंग्रजीत हवं असेल तर अर्शिया सत्तार यांची निवडक कथांची आवृत्ती आहे, पण ती विकत घ्यावी लागते. तिच्यात तुमच्या दोन्ही गोष्टी आहेत का, ते आधी अनुक्रमणिकेत बघा आणि मगच सुचवा.

आणि वेळापत्रक: ओळख नामांकनाच्या आधी टाकलीत तर तेव्हा वाचायला लोकांना सवड असते. साइन-अप उघडल्यावर पुन्हा एकदा वर आणा, तेव्हा तुमचा टॅग मंजूर यादीत कसा दिसतो ते अक्षरशः तसंच लिहून. काम वाटून झालं की पिंच हिटच्या (ऐनवेळी लेखक न उरलेल्या मागण्यांच्या) याद्या फिरू लागतात. तेव्हा तिसऱ्यांदा. घाईत काम उचलणारा लेखक पंधरा मिनिटांत वाचून होणारं कॅनन शोधत असतो, तिथे उपकोशा बरोबर बसते.

---

सुरंगी_वेल

पहिली ओळ बदलली: "काजळाने माखलेले तीन सरकारी बडे अधिकारी रात्रभर एका पेटीत, आणि कुणीच कुणाशी बोलत नाही." खाली प्रकरण ४, पंधरा मिनिटं, पानाचा दुवा, सूचना, दोन प्रॉम्प्ट. गुणाढ्य एका ओळीत शेवटी घातलाय, नामांकनाला कुणाची जागा रिकामी असेल तर त्यांनी गुणाढ्य आणि गुणदेव टाकावेत म्हणून. ते पाचवं-सहावं पात्र दुसऱ्याच्या नामांकनातून त्याच टॅगखाली येऊ शकतं ना?

---

दुपारचा_चहा

येतं. फक्त त्यांना फॅंडमचं नाव अक्षर न अक्षर तुमच्यासारखंच लिहायला सांगा. "सोमदेव" आणि "सोमदेवभट्ट" असे दोन टॅग झाले की ते एकत्र करायला मॉडरेटरांचा वेळ जातो, आणि तोवर अर्धे लोक एकाखाली बघतात, अर्धे दुसऱ्याखाली.